देवीनं धरलेला अंगठा

देवीवर माझा विश्वास लहानपणापासूनचा. पण ती माझ्या बाजूची आहे, यावर मधली कितीतरी वर्षं माझा विश्वास नव्हता. ती माझ्या धाकट्या जावेच्या बाजूची आहे, असं मला अगदी पक्कं वाटायचं. हसाल तुम्ही. पण देवळात हात जोडून उभं असताना जिचं लक्ष दुसरीच्या पदरात काय पडतंय तिकडेच लागलेलं असतं, अशा बाईला मी काय म्हणते ते बरोबर कळेल.

रेवदंड्याला आमचं नारळी-सुपारीचं आगर आहे. घर एकत्र, दोघे भाऊ, आम्ही दोघी जावा. मी थोरली. आणि मी काही नुसती सून नव्हे, या घरची भाची. माझी सासू म्हणजे माझ्या वडिलांची सख्खी बहीण. तिला मी कधी सासूबाई म्हटलं नाही, आत्याच म्हणत आले. आमच्यात मामाची मुलगी सून करून आणायची जुनी रीत. माझी आईसुद्धा तिच्या सासूची भाचीच होती. आत्या शेजारणींना मोठ्या तोऱ्यात सांगायची, "ही माझ्या रक्ताची आहे हो. आमच्या आगराला बाहेरच्या विहिरीचं पाणी नाही." धाकटी शेवंती मात्र पेणकडच्या भातशेतीवाल्या घरातली, ना नात्यातली ना गोत्यातली. बोलणं हाय-न्हाय-व्हयचं आणि आवाज असा, की आगराच्या या टोकाला हाक मारली तर त्या टोकाच्या माडावरचे कावळे उठायचे. दिराच्या लग्नाच्या वेळी माझ्या माहेरी द्यायला मुलगी उरली नव्हती म्हणून ती आली. आणि त्या बाहेरच्या विहिरीला देवीनं काठोकाठ भरून ठेवलं.

आमच्या गावदेवीला कौल लावतात. गुरव मूर्तीच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, आपण मनातलं बोलायचं आणि वाट पाहायची. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी सोमवार, मंगळवार, शुक्रवार धरून, ओटीचं ताट सजवून जायची, आणि माझी पाकळी तासन् तास हलायची नाही. शेवंती शेणाचा हात पुसत जायची, हरवलेली कोंबडी सापडेल का विचारायला, आणि गुरवाचा हात बाजूला व्हायच्या आत उजवी पाकळी टपकन खाली. कोंबडीसुद्धा सापडायची! घरी येऊन ती सगळ्यांना सांगायची आणि मी चुलीकडे तोंड करून फुंकणी जोरात मारायची.

लग्नानंतर पुष्कळ वर्षं माझी कूस उजवली नाही. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी बाळू झाला, आणि त्याच्यानंतर काही वर्षांनी कुसुम. दोघांचाही उजव्या हाताचा अंगठा बारीक, शेंगेसारखा, जेमतेम हाडाचा. आमच्या माहेरी, थळला, असा अंगठा ज्या मुलाला असे त्याला मोठा मान. म्हणत, जन्माच्या आधी देवीनं त्याला अंगठ्याला धरून चालवलं, म्हणून तो तेवढा आवळला गेला. देवीनं धरलेला अंगठा. माझ्या धाकट्या भावाला तो होता. आईच्या एका भावालाही होता म्हणे. शेवंतीचे तिन्ही मुलगे दणकट होते, पण त्यांच्या हाताला चारचौघांसारखेच अंगठे. घरात एवढी एकच गोष्ट होती जी मला मिळाली आणि तिला नाही. ती मी जपून ठेवली होती, बाई जसा एखादाच दागिना जपते तशी.

बाळू शाळेत जायला लागल्यावर पांढुरका पडत गेला. नाकाचा घोळणा फुटून रक्त यायचं, काही न लागताच अंगावर काळेनिळे डाग उठायचे. अलिबागच्या दवाखान्यातून पुढं मुंबईला नेला. रक्ताचा कॅन्सर, म्हणाले. तोवर आम्हाला कॅन्सर म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या तोंडाला होतो एवढंच ठाऊक. तो गेला. यापलीकडे मला त्यावर लिहिता येत नाही, आणि तुम्हीही विचारू नका.

त्यानंतर शेवंतीच्या मुलांकडे बघणं मला जड जाऊ लागलं. पोरं आगरातल्या टाकीत उड्या मारायची, पाण्यानं निथळत पडवीत यायची, मांड्या-दंड नुसते चकाकायचे. माझी नजर त्यांच्या गालांवर जाऊन बसायची, कुणी चिमटा घेतला तर रक्त बाहेर येईल असे ते गाल. शेवंतीला ते कळायचं. मी पडवीत आले की ती काजळाचं बोट घेऊन एकेकाच्या कानामागे तीट लावायची, माझ्यादेखत. एकदा मी म्हटलंच, "माझ्यासाठी एवढं काजळ खर्चू नकोस गो."

"तुमच्यासाठी न्हाय वो ताय," ती म्हणाली, "कावळ्यांसाठी." आणि मोठ्यांदा हसली. मग हसू आवरून हळूच म्हणाली, "ताय, मला बी कळतंय. पन आईचा जीव हाय, काय करू?"

मला त्या बोलण्याचा राग यायला हवा होता. आला तो हेवाच. ज्यांच्यासाठी भ्यायचं असे तिच्याकडे तीन होते.

आणि मग कुसुम पांढुरकी दिसायला लागली.

आधी मी ते डोळ्यांना दिसूच दिलं नाही. ऊन कमी लागतं, म्हटलं. जंत झाले असतील, म्हटलं. मग एक दिवस तिनं दात घासून थुंकलं ते लाल आलं, आणि पोलक्याच्या बाहीखाली डाग दिसले. कुसुम फार बोलकी, अंगानं एवढीशी पण जिभेनं तिखट. मला म्हणाली, "आई, मी पण दादासारखी होणार का?" मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

मुंबईला निघायच्या आधी आत्यानं देवीच्या ओटीच्या खणातली पट्टी काढून कुसुमचा तो अंगठा घट्ट बांधला. "परक्या ठिकाणी चारचौघांची नजर नको पडायला. सोडू नका ही," असं बजावलं. रेवसला येऊन लाँच धरली, भाऊच्या धक्क्याला उतरलो आणि बाळूला नेलं होतं त्याच मुलांच्या मोठ्या इस्पितळात पोचलो. तीच पायरी, तोच फिनेलचा वास. डॉक्टर मात्र बदललेले. आता होते ते मोठे डॉक्टर शांत बोलायचे, आमच्यासारख्यांना कळेल असं विचारायचे. त्यांनी विचारलं, "मुलीला जन्मापासून काही व्यंग?" मी ठणकावून सांगितलं, "नाही." देवीनं दिलेल्याला व्यंग कोण म्हणेल? पट्टीकडे बघून म्हणाले, "हे काय, लागलंय का?" मी म्हटलं, "देवीचं आहे." ते भले गृहस्थ, त्यांनी हात लावला नाही. मग विचारलं, "थोरला मुलगा गेला तुमचा. त्याखेरीज तुमच्या घरात असं आधी कुणाला झालं होतं?" मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी त्यांच्या घरातले सगळे आठवून नकाराची मान हलवली. मीही म्हटलं, "नाही हो, आमच्या घरात कुणालाच नाही." खोटं बोलले नाही मी. बाईचं घर म्हणजे सासर. लग्नात गोत्र बदललं, नाव बदललं, घरही तेच झालं. डॉक्टर 'तुमचं घर' म्हणाले तेव्हा थळ माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

कंबरेच्या हाडात सुई घालून हाडाच्या आतला मगज तपासला. कुसुम ओरडली नाही, नुसती माझ्याकडे रागानं बघत राहिली. डॉक्टर म्हणाले, चित्र स्पष्ट नाही, पण भावाला होतं म्हणजे हिलाही कॅन्सरच धरून चालू. दुसऱ्या दिवसापासून त्याची जालीम औषधं सुरू करणार होते.

त्या दुपारी मी व्हरांड्यात बसले होते. दाराच्या आतल्या खाटेवर कुसुमला झोप लागली होती. शेजारी एक म्हातारी, उरणकडची, काष्टा नेसलेली, नाकात मोठी नथनी. तिचा नातू आंब्यावरून पडून पाय मोडून घेऊन आला होता. पायाला प्लॅस्टर, आणि पोरगं खाटेवर बसून चणे खात होतं. देवाशपथ सांगते, मी त्या मोडलेल्या पायाकडे जितक्या हेव्यानं बघितलं तितकं कुणाच्या सोन्याच्या गोठ-पाटल्यांकडे बघितलं नसेल. काय भाग्य! पाय मोडलाय. पाय जुळतो. सबंध वॉर्डभर मी हेच करत होते: हिच्या पोराला नुसता गोवर, तिच्या पोराला नुसती खरूज. माझ्या वाट्यालाच काय ते अवघड.

म्हातारीला गप्प बसवत नव्हतं. "काय गो बाय, कंच्या गावची तू?"

"रेवदंडा."

"ता झाला सासर. म्हायेर कंचा तुजा?"

बायकांत बायका भेटल्या की हे पहिलं विचारतात, त्यात नवल काही नाही. मी तोंडदेखलं म्हटलं, "थळ."

"मंग तर जवलचीच!" तिला आनंद झाला. मग नातवाचं कौतुक सुरू झालं. "वाघ हाय माजा नातू. एवढ्या उंचावरना पडला, हाड मोडला, पन डोल्यातना टिपूस न्हाय. सगल्यांचा तसाच. आमच्या घरान रगतच तसा हाय, लोखंडासारका." आणि माझ्या कुसुमकडे बघून, वाईट हेतूनं नव्हे हो, पण म्हणालीच, "तुजी पोर भारी नाजूक दिसते गो. आनि अंगठ्याला काय झाला?"

रक्त म्हणाली ती. नेमका तोच शब्द. माझ्या अंगाचा भडका उडाला. मी ताठ बसले आणि म्हटलं, "झालं काही नाही. तो देवीनं धरलेला अंगठा आहे. असा तुमच्याकडे कुणाला नसेल. आमच्या माहेरच्या घराण्यातच उतरतो तो, लाखांत एखाद्याला. माझ्या मामाला होता. माझ्या धाकट्या भावाला होता. माझ्या बाळूला होता."

म्हातारीनं भक्तिभावानं हात जोडले. मग अगदी सहज, चौकशी करावी तशी, विचारलं, "मंग आता कुटं हायत ते?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं.

मामा लहानपणीच गेला होता. भाऊ माझा आठ-नऊ वर्षांचा होऊन गेला, पांढराफटक पडून, नाकातून रक्त येत येत. आम्ही त्याला कावीळ झाली म्हणत होतो. बाळू गेला. देवीनं अंगठा धरला, असं आमच्या माहेरी म्हणत. देवीनं पोर नेलं, असंही म्हणत. पण ही दोन वाक्यं एका दमात कुणी कधी म्हटली नव्हती. त्या व्हरांड्यात ती पहिल्यांदा माझ्या तोंडात एकाशेजारी एक येऊन बसली आणि मी ताडकन उभी राहिले. म्हातारी घाबरली. तिनं फडक्यातली भाकरी मोडून माझ्या हातात कोंबली, "खा गो बाय, खा आदी. उपाशी दिसतेस." तिला काय बोलली ते तिला कळलंही नव्हतं. मी भाकरी तशीच मुठीत धरून डॉक्टरांच्या खोलीकडे धावले.

डॉक्टर चहा पीत होते. मी जे बोलले ते कसं बोलले आठवत नाही. थळ, मामा, भाऊ, अंगठा, सगळं उलटसुलट. त्यांनी कप खाली ठेवला. "बाई, मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, घरात कुणालाच नाही."

"पण ते माहेर हो, डॉक्टरसाहेब! तुम्ही घरात विचारलंत."

त्यांनी खुर्ची मागं सारली. मग म्हणाले, "चूक माझी. बाईला असं नाही विचारायचं." आणि उठलेच. कुसुमच्या खाटेपाशी येऊन त्यांनी माझी परवानगी मागितली, हो, परवानगी मागितली, आणि ती खणाची पट्टी स्वतः हळूच सोडली. तो बारीक अंगठा किती तरी वेळ आपल्या बोटांत धरून पाहिला. पाठीवरचे जन्मापासूनचे तपकिरी डाग पाहिले, ज्यांना आम्ही लासं म्हणायचो. उंची पुन्हा मोजली. मग मला आणि माझ्या नवऱ्याला बसवून आमच्या लग्नाचं, माझ्या आईच्या लग्नाचं, सगळं नातं खोदून विचारलं.

त्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं सांगते. काही घराण्यांत रक्त तयार करणाऱ्या, हाडांतल्या मगजात जन्मापासून एक उणीव उतरते. ती अर्धी आईकडून आणि अर्धी बापाकडून यावी लागते. नुसती अर्धी असली तर माणूस ठणठणीत जगतो, त्याला पत्ताही लागत नाही. पण एकाच विहिरीचं पाणी दोन्ही पाटांनी आलं तर दोन्ही अर्धुकं एकाच पोरात जुळायची भीती. अशा पोरांचं रक्त आधी आटत जातं, आणि इतर मुलांपेक्षा त्यांना रक्ताचा कॅन्सर होण्याचा धोका पुष्कळ जास्त असतो. अंगठा ही त्याची खूण. बाळूला शेवटी तो कॅन्सरच झाला असावा. "पण हिला अजून झालेला दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. "उद्या मी जी औषधं देणार होतो त्यांनी हिचं उरलंसुरलं रक्तही आटलं असतं. आता वेगळ्या गोळ्या देऊन पाहू. परदेशात काही मुलं त्यांनी सावरली आहेत असं वाचलंय. खात्री देत नाही. आणि तोवर हिला रक्त चढवत राहावं लागेल."

रक्त द्यायला मी दंड पुढं केला. जमलं नाही, जुळत नव्हतं. माझ्या नवऱ्याचंही जुळलं नाही. आम्हां आईबापाचंच रक्त आमच्या पोराला चालत नाही, हे ऐकून मला वाटलं की आता मला या पोरीची आई तरी कशाला म्हणायचं? गावी निरोप धाडला. त्या काळी रक्त द्यायचं म्हटलं की माणसं परगावी जायची, रक्त दिलं की माणूस खंगतो म्हणत. लाँचनं आल्या त्या दोघीच, आत्या आणि शेवंती.

आत्याला मी बाकावर बसवून सगळं सांगितलं. मग म्हणाली, "म्हणजे तुला मी एवढ्या हौसेनं मागून आणली..." आणि वाक्य तिथंच राहिलं. मी तिचा हात धरला. तिच्यावर मला रागावता आलं नाही. ती बिचारी रक्ताचं नातं घट्ट करायला गेली होती.

शेवंती सुईला भयंकर भ्यायची. गावात देवीची लस टोचायला बाई आली की ती गवताच्या गंजीमागे लपायची. दारात उभी राहून मला विचारते, "ताय, सुई केवढी अस्ते वो? दाभणाएवढी?"

माझ्या तोंडून निघून गेलं, आणि त्यात जुना खवचटपणा होताच, "कौल लावून आली असशील ना? उजवाच पडला असेल."

"न्हाय लावला," ती म्हणाली.

"का?"

"डावा पडला असता म्हंजे? यायचं र्‍हायलं असतं की."

तिनं डोळे गच्च मिटून, परिचारिकेच्या अंगावर ओरडत रक्त दिलं. तिचंच रक्त जुळलं. घराण्याबाहेरच्या, हाय-न्हाय-व्हयच्या बाईचं. खाटेच्या वर काचेची बाटली टांगली आणि ते गडद लाल रक्त थेंब थेंब माझ्या पोरीच्या निळसर हातात उतरू लागलं. तुम्हाला वाटेल त्या क्षणी माझं मन विरघळलं. छे! इतकी वर्षं तिच्या पोरांच्या गालात जे बघून मी जळत होते, तेच ते, बाटलीत भरून समोर टांगलेलं. आणि तेही हिच्याच हातून यावं! माझ्या हातून का नाही? मी खिडकीकडे तोंड करून देवीशी भांडले. म्हटलं, द्यायचंच होतं तर मला देऊन मग माझ्या हातानं पोरीला दिलं असतंस, तर तुझं काय गेलं असतं?

भांडत असताना मागून कुसुमचा आवाज आला, कितीतरी दिवसांनी धारेचा: "आई, भूक लागली. आणि आता मी काकूसारखी ओरडणार, तिचं रक्त आलंय ना." शेवंती गुळाचा चहा पिऊन बाकावर आडवी पडली होती, ती तिथूनच ओरडली, "ओरड गो माझे बाय, ओरड!" मी वळून पाहिलं. कुसुमच्या ओठांवर रंग आला होता. फार नाही, पेरूच्या आतल्या गराएवढा फिका गुलाबी. तो रंग कुणाचा, हे विचारायचं त्या घटकेला मला सुचलंच नाही. माझं भांडण अर्ध्यावरच राहिलं. ते पुढं मी कधी पुरं केलं नाही.

गोळ्यांचा गुण यायला पुष्कळ महिने लागले. त्यांनी कुसुमचा आवाज घोगरा झाला, ओठावर लव आली, शाळेत पोरी हसल्या, ती त्यांना पुरून उरली. रक्त चढवायची वेळ लांबत लांबत गेली. त्या दिवसांत शेवंती कितीदा रेवसची लाँच चढली ते मी मोजलं नाही, तिनंही नाही. पुढं थळचा माझा थोरला भाऊ आपल्या मुलासाठी कुसुमला मागायला आला, मुलगी रक्तातच राहावी म्हणून. मी नाही म्हटलं. तो रागावून पाणीही न पिता गेला. आत्याच मागून पायरीपर्यंत गेली आणि त्याला म्हणाली, "नको रे बाबा. आता आपल्या विहिरीतलं पाणी आपल्यातच नको फिरवायला." तिच्या तोंडून हे निघायला किती कष्ट पडले असतील ते मलाच ठाऊक.

हे सगळं देवीनं केलं का? मला विचाराल तर मी वाद घालणार नाही. उरणची म्हातारी हाडामांसाची होती. नातू चालायला लागल्यावर ती त्याला हाताशी धरून, साऱ्या वॉर्डाचा निरोप घेऊन गेली. डॉक्टर शिकलेले होते. शेवंतीला सुईची भीती होती. यात चमत्कार कुठं बोट ठेवून दाखवावा? एवढंच सांगते, की त्या दुपारी मी प्रार्थना करत नव्हते. मी जळत होते. दुसऱ्याच्या नातवाचा मोडका पाय बघून जळत होते, आणि त्या जळण्यातून फुशारकी मारली. माझ्या भक्तीनं, उपासांनी, ओटीच्या ताटांनी जे उघडलं नाही ते माझ्या हेव्यानं उघडलं. माझ्यातलं चांगलं तेवढंच देवीच्या कामाचं, असं मी समजत होते. तिला माझं वाईटही चाललं. ज्या फाटक्यातून आत शिरता येईल त्यातून ती आली. तेव्हापासून मी तिच्यासमोर सजून उभी राहत नाही. जशी आहे तशी जाते, हेवा असेल तर हेव्यासकट.

हेवा अजून आहे, हो. कुसुम शाळेतून आली की दप्तर टाकून आधी चुलीपाशी शेवंतीकडे जाते, मला चरचरतं. पण ती चालत येते आहे, हे मला दिसतं.

आता कुसुम मॅट्रिकला बसायची आहे. डॉक्टरांनी आम्हाला फसवलेलं नाही. धोका टळलेला नाही, म्हणतात, रक्ताचा कॅन्सर पुढं केव्हाही डोकं वर काढू शकतो. म्हणून दर काही महिन्यांनी मुंबईला जाऊन रक्त तपासून यायचं. मागच्या खेपेला आम्ही त्याच व्हरांड्यात बसलो होतो. समोर एक तरुण बाई, मांडीवर मूल, पांढरंफटक, सुयांनी फोडलेले हात. ती माझ्या कुसुमकडे बघत होती. धडधाकट दिसणाऱ्या, घोगऱ्या आवाजात काहीतरी सांगून हसणाऱ्या माझ्या पोरीकडे. ती नजर मी ओळखली. अशी नजर माझ्याइतकी कोण ओळखणार! वाटलं, पदराआड घ्यावं पोरीला, उठून दुसऱ्या बाकावर बसावं. पिशवीत काजळाची डबीही होती.

मी काही केलं नाही. तिला बघू दिलं. मनात म्हटलं, देवी, ही तुझी आहे, तूच राखलीस, तुझ्या वस्तूला मी कुठवर झाकू? मग कुसुमला म्हटलं, "जा गो, त्यांच्या बाळाला घे जरा. त्यांचे हात भरून आले असतील." कुसुम उठली, त्या बाईपाशी गेली आणि तिनं बाळ उचलून आपल्या खांद्यावर घेतलं. बाई रडायला लागली. मी सरकून तिच्या शेजारी जागा केली आणि आम्ही दोघी बसून राहिलो, आत कुणाचं नाव आधी पुकारतील याची वाट बघत.